सैल पकड

सुट्टीच्या दिवशी दुपारी डॉक्टर रुग्णालयात आले, तेव्हा पहारेकरी स्टुलावरून अर्धवट उठला, सलाम केल्यासारखं केलं आणि पुन्हा बसला.

"आज सुट्टी ना साहेब?"

"चष्मा राहिलाय वर," डॉक्टर म्हणाले आणि तळघराचा जिना उतरू लागले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. पहारेकऱ्याने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण मोठ्या माणसांच्या भानगडीत पडून कुणाचं भलं झाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. डॉक्टरांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि तो बाहेर काढायची त्यांची तयारी नव्हती.

हे नसांचे डॉक्टर. मेंदूतून निघालेला हुकूम नसेतून स्नायूपर्यंत पोचतो की नाही, आणि पोचत नसेल तर वाटेत कुठे अडकतो, हे शोधून काढणं त्यांचं काम. कामात माणूस हुशार, यात वाद नाही. पण नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. शिकाऊ डॉक्टर त्यांना पाठीमागे 'चिमटा' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण ढोंगी रोगी या चिमट्यात सापडला की सुटत नसे. कारखान्यांतून, कचेऱ्यांतून माणसं यायची. कुणाचा हात चालत नाही, कुणाचा पाय उचलत नाही, सगळ्यांना पगारी रजा हवी. डॉक्टर हसून हात पुढे करायचे. "या, बसा." आणि तो हात तसाच हातात धरून गप्पा सुरू. मुलं काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं, सासूशी पटतं का. ज्याचा हात खरोखर गेला आहे, त्याचा हात गप्पांनी सुधारत नाही. ढोंग करणारा मात्र बोलण्याच्या नादात विसरतो आणि सैल सोडलेली बोटं हळूहळू आवळू लागतात. झालं. डॉक्टर हात सोडायचे, तपासणीच्या यंत्राकडे ढुंकूनही न बघता 'काही झालेलं नाही' असं सांगायचे आणि पुढच्याला बोलवायचे.

युक्ती वाईट नव्हती. बऱ्याचदा खरीही ठरायची. वाईट इतकंच, की तिच्यापुढे त्यांना बाकी काही दिसेनासं झालं होतं.

मास्तरीण आली ती गेल्या वर्षी. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, ही बाई होती म्हणून मास्तरीण. कापडाचे थर एकावर एक रचायचे आणि मोठ्या कात्रीने सगळे एकदम कापायचे, असं तिचं काम. बरोबर नवरा होता आणि लग्नाची मुलगी होती. बाई वाळली होती, मधूनमधून खोकत होती.

"सकाळी कात्री मिटतच नाही डॉक्टर," ती म्हणाली. "खुर्चीतून उठायचं तर दोनदा प्रयत्न करावा लागतो. वेणी घालायला हात वर जात नाहीत. आणि तोंडाला सारखी कोरड."

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिचा हात त्यांच्या हातात आला तो ओल्या फडक्यासारखा. त्यांनी मुलीच्या लग्नाचा विषय काढला. बाई उत्तरं देत होती, पण तिचं लक्ष हाताकडेच होतं.

"जरा थांबा हं," ती म्हणाली. "येते ताकद. वेळ लागतो."

आणि आली. आधी बोटांची टोकं टेकली, मग बोटं वळली, मग पंजा नीट आवळला गेला. कात्री चालवणाऱ्या बाईचा पंजा तो. डॉक्टरांना हसू आवरेना. आजवर शेकडो ढोंगी पाहिले, पण आधी सूचना देऊन सापडणारी ही पहिलीच.

"घेऊन जा घरी," ते नवऱ्याला म्हणाले. "हिच्या नसा तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही. फार लाड करू नका."

"मला वाटलंच होतं," नवरा म्हणाला.

"यंत्र लावून बघणार होतात ना डॉक्टर?" दाराशी गेल्यावर तिने वळून विचारलं.

"यंत्राला लाज वाटेल हो बाई," डॉक्टर म्हणाले. नवरा मोकळेपणाने हसला, मुलगीही हसली.

त्या हसण्याने पुढे काय केलं, ते सांगायला हवं. कारखान्याने तिला घरी बसवलं. घरी ती खुर्चीतून उठायला हात मागायची तेव्हा नवरा पेपर वाचत म्हणायचा, "नाटक पुरे." मुलगीही म्हणायची, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, स्वतःची स्वतः ऊठ." बाई भिंतीला धरून चालायची. पडली तर पडल्या जागी बसून राहायची, ताकद येईपर्यंत. घरच्यांनी तिच्यावर प्रेमच केलं नाही असं नव्हे, पण शिकलेल्या माणसाने ठणठणीत म्हटल्यावर त्या प्रेमाला काही काम उरलं नाही. थुंकीतून रक्त आलं तेव्हा कुठे तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसात कर्करोग होता आणि तो आता फुप्फुसापुरता राहिला नव्हता.

छातीच्या डॉक्टर म्हणजे चिमट्यांच्या कॉलेजातल्या मैत्रीण, तोंडाने फटकळ. त्यांनी फोनवर आडपडदा ठेवला नाही. "अरे, शरीर त्या गाठीशी लढायला जातं आणि चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतं. नस आणि स्नायू जिथे भेटतात, नेमकं तिथे. पहिला हुकूम पोचतच नाही. पुन्हापुन्हा हुकूम सोडला की थोडा थोडा पोचायला लागतो. म्हणून पकड आधी सैल असते आणि धरून ठेवली की वाढते. गाठ दिसायच्या कितीतरी आधी हे सुरू होतं. हे मी तुला सांगायचं? तू यंत्र लावलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं. तेव्हा गाठ केवढीशी असेल, विचार कर."

डॉक्टरांनी फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी वॉर्डातून निरोप आला की बाईने भेटायला बोलावलंय. टाळता येईना म्हणून गेले.

मास्तरीण उशीला टेकून बसली होती. पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. तिने पांघरुणावरचा हात उलटा केला, तळवा वर. "हात द्या," ती म्हणाली. त्यांनी दिला. तिची बोटं त्यांच्या बोटांवर नुसती ठेवल्यासारखी होती.

"आत्ता एवढीच आहे… थांबा ना थोडं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. बोटांची टोकं टेकू लागली होती, तेवढ्यात त्यांनी हात काढून घेतला.

"तुम्हाला नेहमी घाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं ठरवून टाकल्यासारखं काहीतरी होतं. "राहू दे. उरलेली नंतर."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

पंधरवडा उलटल्यावर मुलगी डॉक्टरांच्या खोलीत आली. बसली नाही. "मला तक्रार करायची नाही," ती म्हणाली. "एकच मागणं आहे. घरी येऊन बाबांना सांगा की आई नाटक करत नव्हती, चूक तुमची होती. ते अजून लोकांना सांगतात, हिने आधीच हातपाय गाळले म्हणून गेली. ती गेली डॉक्टर, आणि तरी ती अजून आळशीच आहे आमच्या घरात." तिने पत्ता आणि आपला नंबर लिहून टेबलावर ठेवला. "मीही नाटकच म्हणत होते. माझं मी बघेन. तुमचं तुम्ही सांगा."

"बघू," डॉक्टर म्हणाले. चूक झाली म्हणून एकदा तोंडाने कबूल केलं की उद्या गावभर होतं, चिमट्याचा चोथा व्हायला वेळ लागत नाही. ते गेले नाहीत.

त्याच आठवड्यात हाताला सुरुवात झाली.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. सही करताना उजव्या हाताच्या बोटांवर कुणीतरी बोटं ठेवावीत, इतकंच. डॉक्टरांनी हात झटकला. मग जेवताना तसंच झालं, मग गाडी चालवताना. मुंग्या आल्या असतील म्हणावं तर मुंग्या येत नव्हत्या. गार, कोरडा, माणसाचा स्पर्श होता. रोज तो थोडा घट्ट व्हायचा. एका सकाळी घास हातातून गळून पडला. "हल्ली तुझं लक्ष कुठे असतं?" बायको म्हणाली. पुढच्या आठवड्यात पंजाच्या मागच्या बाजूला चार निळे डाग उठले. अंगठ्याच्या मुळाशी पाचवा.

ते छातीच्या डॉक्टरांकडे गेले. सगळं नाही, अर्धं सांगितलं. मैत्रिणीने त्यांचा हात हातात घेऊन दाबून बघितला. "पकड भक्कम आहे की," ती म्हणाली. "डाग कुठेतरी आपटून आले असतील. मनाला लावून घेतलंयस तू. रजा घे चार दिवस."

"म्हणजे मी नाटक करतोय?" डॉक्टर ओरडले.

तिने त्यांचा हात हळूच सोडला.

म्हणून ते आज, कुणी नसताना, तळघरात आले होते. नसा तपासायची खोली तिथेच होती, जिन्याच्या टोकाला. खिडकी नाही. भिंतींना जुन्या कापसाचा आणि स्पिरिटचा वास. बाहेरच्या विजेच्या उपकरणांचा त्रास नको म्हणून खोली मुद्दाम एका बाजूला ठेवलेली, त्यामुळे आत आलं की स्वतःचा श्वास ऐकू येई. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, यंत्र सुरू केलं आणि डाव्या हाताने उजव्या तळव्यावर तारांच्या पट्ट्या चिकटवल्या. या यंत्राला पडदा असतो आणि कर्णाही असतो. स्नायू आकसला की पडद्यावर लाट उठते आणि कर्ण्यातून खरखर येते. स्नायू निवांत असला की रेघ सरळ, कर्णा मुका.

त्यांनी मनगटावर विजेचा बारीक झटका दिला. अंगठा उडाला. पडद्यावर उंच, सुबक लाट उठली. पुन्हा दिला, पुन्हा तीच लाट. नस ठणठणीत, स्नायू ठणठणीत. दुसऱ्या कुणाचा हात असता तर त्यांनी हसून पुढच्याला बोलावलं असतं.

ते हात मांडीवर सैल टाकून बसले. रेघ सरळ होती. कर्णा मुका होता.

मग ती बोटं आली.

डॉक्टर बघत होते. त्यांच्या स्वतःच्या बोटांचा एकही स्नायू हलत नव्हता, रेघ तेच सांगत होती, आणि तरी चारही बोटं एकमेकांवर दाबली जात होती. कातडीला खळगे पडत होते. खळग्यांत काही दिसत नव्हतं.

कर्ण्यात टक् झालं.

पडद्यावर एक लाट उठली. एवढीशी, उठली न उठली अशी. डॉक्टरांचा डावा हात झटक्याच्या बटणापासून लांब होता. दुसरी लाट, तेवढीच. तिसरी जरा मोठी. टक्… टक्… टक्टक्. लाटा वाढू लागल्या. दुप्पट झाल्या, तिप्पट झाल्या, पडद्याच्या वरच्या काठाला टेकल्या, आणि कर्ण्यातली खरखर एवढी दाट झाली की जाड कापड फाडत नेल्याचा आवाज खोलीभर घुमू लागला. आधी खुजी आणि मग उंच होत जाणारी ही लाटांची रांग काय सांगते, हे डॉक्टरांना शिकवायची गरज नव्हती. ती त्यांच्या स्नायूची नव्हती. त्यांच्या हाताला ज्या हाताने धरलं होतं, त्या हाताची होती. वर्षापूर्वी करायची राहून गेलेली तपासणी आज, त्यांच्या डोळ्यांदेखत, चालली होती.

"बघितलं…" ते पुटपुटले. "बघितलं मी… कळलं…"

करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज कर्ण्यातून आला नाही, खोलीतच आला.

"येतो!" डॉक्टर किंचाळले. "येतो… सांगतो त्यांना… आजच सांगतो."

खरखर थांबली. रेघ सरळ झाली. पकड सैल पडली, पण हात सुटला नाही. लहान मुलाला रस्ता ओलांडून नेताना धरावं तसं त्यांना धरून जिना चढवला गेला. पहारेकऱ्याने चष्मा सापडला का म्हणून विचारलंही नाही, त्यांचा चेहरा बघून तो उभाच राहिला.

मास्तरणीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार मुलीने उघडलं. उंबरा ओलांडताच हात सुटला. एकदम, सभ्यपणे, आता तुमचं तुम्ही बोला म्हटल्यासारखा.

नवरा खिडकीशी बसला होता. महिन्याभरात म्हातारा झाला होता. मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मी तुमच्या पत्नीबद्दल सांगायला आलोय," डॉक्टर म्हणाले. सुजलेली करंगळी त्यांनी डाव्या मुठीत धरली होती. ठणका होता, पण दुसरं काही नव्हतं. किती आठवड्यांनी तो हात त्यांचा एकट्याचा झाला होता. आणि हात सुटल्याबरोबर चिमट्याचं डोकं पुन्हा चालायला लागलं. म्हातारा काय करणार होता? चार माणसांत सांगेल. मुलगी वकील गाठेल.

"त्या नाटक करत नव्हत्या," ते म्हणाले. मुलीने डोळे मिटले. "आजार खरा होता. पण फार छुपा हो. इतका छुपा की कुठल्याही डॉक्टरला तेव्हा कळलाच नसता. कोणतीही तपासणी केली असती तरी नाही."

नवऱ्याने मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे कुणाचीच चूक नाही," तो म्हणाला.

"कुणाचीच नाही."

"मग तिने तरी जरा नेट धरायला हवा होता," नवरा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मुलीने डोळे उघडले. "एवढंच, डॉक्टर?"

"एवढंच."

"बरं," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "निघा मग."

डॉक्टर खाली आले. हातावर काही नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेले, तरी काही नाही. त्यांना हसू फुटलं. वाटेत करंगळी बांधून घेतली, दारात आपटली म्हणून सांगितलं आणि बांधणाऱ्याशी चार विनोदही केले. भुतालाही चुकवता येतं तर, असं त्यांच्या मनात आलं. माणूस निगरगट्ट, त्याला काय करणार.

संध्याकाळी ते घरी आले. बायकोने पाणी दिलं. दुसऱ्या घोटाला त्यांना ठसका लागला, पाणी नाकातून आलं.

"हळू पी की," बायको म्हणाली. "आणि गळ्याचं बटण तरी सोड."

बटण सुटंच होतं. डॉक्टरांनी मानेकडे हात नेला. मानेवर काही नव्हतं. पण कातडीला कळत होतं. गळ्याच्या एका बाजूला चार बोटांची टोकं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. अगदी सैल. नुसती ठेवल्यासारखी.

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मुलीचा नंबर लावताना डाव्या हाताचा अंगठा दोनदा चुकला. चूक माझी होती. तीनच शब्द. पलीकडे घंटा वाजत असताना ते मनातल्या मनात तेच घोकत होते.

"हॅलो?" मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. जीभ हलली, ओठ हलले. आवाज फुटला नाही. त्यांनी पुन्हा जोर केला. श्वास गळ्यापर्यंत येत होता आणि तिथेच विरत होता. बोटांची टोकं आता टेकली होती.

"हॅलो… कोण बोलतंय?"

डॉक्टर फोन दोन्ही हातांत घट्ट धरून उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द सोडाच, साधा हुंकारही निघाला नव्हता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण पलीकडे मुलगी गप्प झाली होती, कुणीतरी बोलत असताना माणूस गप्प होतं तशी.

"हं," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, हलक्या आवाजात, "हो, ऐकतेय मी… त्यांनी सांगितलं नाही ना… माहीत आहे."

डॉक्टरांनी मान जोरजोरात हलवली. फोनवरून मान हलवलेली दिसत नाही.

"नाही, बाबा जागेच आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांचं मागाहून बघ. आधी हे होऊ दे." मग तिचा आवाज अगदी मऊ झाला, आजारी माणसाला उठवून बसवताना होतो तसा. "घाई करू नकोस, आई. दमशील. सावकाश आवळ."

तिने फोन ठेवला. बाहेरून बायको जेवायला हाक मारत होती.